आधी बैल दाखव

मागच्या दसऱ्याला माझा भाचा पुण्याहून स्वतःची गाडी घेऊन हिंगोलीला आला. आमच्या हिंगोलीचा दसरा मोठा. प्रदर्शन, पाळणे, रावणदहन, आठ-दहा दिवस नुसती गर्दी. ते बघायला म्हणून आला आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन गावाकडे निघाला. गाडी तशी साधीच, चार माणसांची, पण तिला स्पोर्ट्स कारचं रूप द्यायचं म्हणून त्यानं मूळच्या स्प्रिंगा काढून आखूड स्प्रिंगा घातलेल्या. गाडी दीड इंच खाली बसवलेली. दिसायला झोकदार होती, नाही म्हणता येणार नाही. पण गावाच्या वेशीजवळच्या गतिरोधकावर पोटातून जो आवाज आला, तो ऐकून ओट्यावर बसलेली म्हातारी माणसं उठून उभी राहिली.

त्या आवाजानं तो खजील झाला असेल असं मला वाटलं. पण त्याच्या डोक्यात निराळंच चाललं होतं. म्हणाला, "मामा, आता चाकं बदलायचीत. रिम सोळाची घालू की सतराची? तुम्ही इतकी वर्षं पोरांना वर्कशॉपचं गणित शिकवलंत, जरा आकडेमोड करून द्या."

मी म्हटलं, आधी तुझ्या टायरवर काय लिहिलंय ते वाच. त्यानं वाचलं: १८५/६५ आर १५. गाडी रोज वापरणाऱ्या पुष्कळांना या आकड्यांचा अर्थ ठाऊक नसतो, म्हणून सांगतो. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची, रुंदीच्या शेकडा पासष्ट. आर म्हणजे रेडियल, ही टायरच्या आतल्या दोऱ्यांची ठेवण. आणि १५ हा रिमचा व्यास, पण इंचांत. एकाच ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच! अशी खिचडी परीक्षेत एखाद्या पोरानं लिहिली असती तर मी गुण कापले असते. पण जगभर हेच चालतं. हिशेब केला तर १८५चे पासष्ट टक्के म्हणजे १२० मिलिमीटर आणि थोडं वर. ही भिंत रिमच्या वर एकदा आणि खाली एकदा, म्हणजे साधारण २४० मिलिमीटर. पंधरा इंची रिम म्हणजे ३८१ मिलिमीटर. एकूण चाकाचा व्यास ६२१ मिलिमीटर, सुमारे बासष्ट सेंटिमीटर. गाडी बनवणाऱ्यानं सगळा हिशेब या एका आकड्यावर बसवलेला असतो: वेग दाखवणारा काटा, गिअर, चाकाच्या वरची कमान आणि जमिनीपासूनची उंची.

कागदावर हे लिहीत असताना मला माझे वडील दिसायला लागले. ते सुतार होते. कळमनुरीच्या बाजूला, कयाधूच्या खोऱ्यात आमचं गाव. तिथं त्यांनी उभा जन्म बैलगाडीची चाकं केली. त्यांच्याकडे कुणी नव्या गाडीचं काम घेऊन आला की ते लाकडाचं बोलायचे नाहीत, पैशाचंही नाही. म्हणायचे, "बैल दाखीव आधी, मग चाकाचं बघू." आणि खरोखरच गोठ्यात जाऊन बैलाच्या खांद्यापर्यंतची उंची काठीनं मोजायचे. मग विचारायचे, वावर कुठं आहे, वाटेत नाला किती, पांदण काळीची की मुरमाची, गाडीत कापूस जाणार की शेणखत. एवढं सगळं झाल्यावर चाकाचा आकार ठरायचा. तेव्हा मला त्याचं काही वाटत नसे. भाच्याच्या प्रश्नामुळे त्या काठीचं महत्त्व मला या वयात नव्यानं कळलं. म्हणून आज चाकाच्या आकाराविषयीच बोलावं म्हणतो; मोटारीच्या नव्हे, आपल्या गाडीच्या.

आपल्याकडे चाक किती जुनं? अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. तिथं १९७४ साली काशाच्या काही वस्तू सापडल्या. त्यांत बैलांची जोडी जुंपलेला एक दोनचाकी रथ आहे. त्याची चाकं भरीव आहेत, आरे नसलेली. आऱ्यांचं चाकही आपल्या देशात फार जुनं. पण ते रथाला, सरदाराच्या वाहनाला. कुणब्याच्या मालगाडीचं नशीब वेगळं होतं. मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरमध्ये दख्खनच्या गाड्यांची हकीकत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत सोलापूर-पुण्याकडे ज्या थोड्या गाड्या होत्या, त्यांची चाकं भरीव लाकडाची, कुठे कुठे तर दगडाची होती. अशी गाडी ओढायला चार-चार जोड्या जुंपाव्या लागत. म्हणूनच माल बैलाच्या पाठीवर जाई आणि वंजाऱ्यांचे तांडे हेच आपलं वाहतूक खातं होतं. १८३०च्या दशकात जमिनीची मोजणी करायला आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हे लक्षात आलं आणि त्यांच्यातल्या गेस्फर्ड नावाच्या लेफ्टनंटनं टेंभुर्णीला हलक्या गाड्या बनवण्याचं काम सुरू केलं. आऱ्यांची चाकं, लोखंडी आस, एका जोडीनं ओढता येईल असा सांगाडा. चाक बदललं तसा एका जोडीचा माल कितीतरी वाढला. सारा वसूल व्हायचा तर माल बाजाराला पोचला पाहिजे, हा सरकारचा हिशेब त्यामागे होता हे उघड आहे. पण गाडी शेतकऱ्याच्या दारात आली हेही खरं.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. हिंगोली ही छावणीची जागा, हैदराबाद कंटिंजंटची फौज इथं असे. भोवती कापसाचा मुलूख. पूर्णा ते हिंगोली हा मीटरगेज फाटा १९१२ साली झाला आणि कळमनुरी, सेनगाव, औंढ्याकडच्या कापसाच्या गाड्या हिंगोली स्थानकाकडे वळल्या. लोक समजतात की रेल्वे आली आणि बैलगाडी मागे पडली. उलट आहे. रेल्वेपर्यंत माल पोचवायला गाड्याच लागत. स्थानक झालं तशी सुतारांची भट्टी जास्त पेटती राहिली, असं माझे आजोबा वडिलांना सांगत.

आता त्या चाकाकडे येऊ. आमच्याकडचं चाक साधारण साडेचार फूट व्यासाचं. मध्ये तुंबा, त्यात बारा आरे, बाहेरून सहा पुठ्ठे. एका पुठ्ठ्यात दोन आरे. लाकूड मुख्यतः बाभळीचं, तेही तोडून वर्ष-दोन वर्षं वाळवलेलं. ओल्या लाकडाचं चाक पहिल्या उन्हाळ्यातच खुळखुळायला लागतं. सगळ्याच्या वर लोखंडी पट्टीचं कडं, त्याला म्हणायचं धाव. धाव बसवण्याचा दिवस म्हणजे आम्हा पोरांचा सण. सुतार आणि लोहार दोघं मिळून ते काम करायचे. चाकाचा घेर दोरीनं मोजायचा, तो सुमारे चौदा फूट भरतो. आणि धाव त्यापेक्षा इंच-सव्वा इंच कमीच करायची. मग ती गोवऱ्यांच्या जाळात लालभडक तापवायची. तापलं की लोखंड पसरतं. त्या पसरलेल्या अवस्थेत सांडशीनं उचलून चाकावर बसवायची, घण मारायचे आणि घागरीनं पाणी ओतायचं. वाफेच्या ढगात कडं आकसायचं आणि आतले बारा आरे आणि सहा पुठ्ठे असे आवळून धरायचं की एक खिळा न मारता चाक एकजीव व्हायचं. इंच-सव्वा इंच हा आकडा वडिलांना कुणी शिकवला नव्हता. मी पुढे लोखंडाच्या प्रसरणाचं सूत्र शिकलो तेव्हा हिशेब करून पाहिला. सातशे अंश तापवलं तर तेवढंच येतं.

चाक साडेचार फुटांचंच का? काळ्या रानामुळे. चाक जेवढं मोठं, तेवढं ते खड्ड्यात कमी पडतं आणि ढेकळावर सहज चढतं. लहान चाक त्याच ढेकळाला धडकतं. शिवाय मोठ्या चाकाचा आस उंच असतो, गाडीचं पोट चिखलाला लागत नाही. पावसाळ्यात आपल्याकडच्या पांदणीत जो गेलाय त्याला हे समजावून सांगायला नको. चाकाची जाडी मात्र कमी, धाव दोन बोटांची. रुंद चाक चिखलावर तरंगतं हे खरं. पण वडिलांचं म्हणणं असं की काळीच्या चिखलावर तरंगून काय करायचं? अरुंद चाक चिखल कापून खालच्या टणक थरावर टेकतं आणि तिथून गाडी पुढे सरकते. रुंद चाकाला तो चिखल नुसता चिकटत जातो, शेवटी चाक कुठलं आणि चिखल कुठला ते कळत नाही.

दोन चाकांमधलं अंतर हीसुद्धा ठरलेली गोष्ट होती. एका शिवारातल्या सगळ्या गाड्यांचं हे अंतर एकच असावं लागे, कारण वर्षानुवर्षं त्याच वाटेनं गाड्या जाऊन जमिनीत दोन खोल चर पडत. त्यांना चाकोरी म्हणतात. आज आपण चाकोरीबद्ध आयुष्य, चाकोरीबाहेरचा विचार असं बोलतो आणि चाकोरीला जरा हिणवतोच. पण ज्याची गाडी चाकोरीत बसत नसे, त्याचं एक चाक चरात आणि दुसरं बांधावर, गाडी तिरकी आणि कापूस चिखलात. त्याला चाकोरीची किंमत विचारा! रेल्वेचीही चाकोरीच असते म्हणा. हिंगोलीच्या रुळांमधलं अंतर १९१२ साली एक मीटर होतं, ते २००८ साली १६७६ मिलिमीटर झालं. चाकोरी रुंद व्हायला शहाण्णव वर्षं लागली.

आमच्या गावात पहिलं रबरी चाक आलं ते मी शाळेत असताना. त्याला सगळे डनलॉप म्हणत, अजूनही म्हणतात. टायर कुठल्याही कंपनीचा असो, गाडी डनलॉपच. या नावामागचा माणूस जॉन बॉइड डनलॉप. धंद्यानं जनावरांचा डॉक्टर. बेलफास्टमध्ये राहत असताना त्यानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवा भरलेली रबरी नळी चाकावर बसवली आणि १८८८ साली तिचं पेटंट घेतलं. कल्पना खरं तर त्याच्याही आधीची. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसानं १८४५ सालीच हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं होतं आणि ते घोडागाडीवर चालवूनही दाखवलं होतं. म्हणजे हवेचं चाक जन्माला आलं तेच जनावरानं ओढायच्या गाडीसाठी. मोटारी तेव्हा होत्याच कुठे?

डनलॉप कंपनीनं १९३६ साली बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला कारखाना काढला. बैलगाडीच्या रबरी चाकांचा आपल्या देशातला प्रचार त्याच दशकातला. बैलगाडीच्या टायरवर एडीव्ही अशी तीन अक्षरं असतात. जनावरांनी ओढायचं वाहन, असा त्यांचा अर्थ. त्यांचे आकारही ठरलेले: सहा, सात किंवा आठ इंच रुंदी आणि एकोणीस इंचांची रिम. साहागंजचा तो कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली, कंपनी न्यायालयात गेली. पण आमच्या पांदणीत तिचं नाव चालूच आहे.

रबरी चाकाचे गुण कुणी नाकारू शकत नाही. डांबरी सडकेवर लोखंडी धाव चाकूसारखी चालते आणि सडकेचा जीव घेते; रबर तसं करत नाही. आसात बेअरिंग असतं, त्यामुळे वंगणाचा नळा गाडीला टांगायला नको आणि तो कुरकुर आवाज नको. बैलाला ओढही हलकी लागते. वडिलांनासुद्धा हे मान्य होतं. रबरी गाडी त्यांनी मोकळी ओढून पाहिली आणि म्हणाले, "हे तर पोरगंही ओढील." पण त्यांचं लक्ष लगेच दुसरीकडे गेलं. साडेचार फुटी चाकाचा आस जमिनीपासून सव्वादोन फुटांवर असतो. डनलॉपचा जेमतेम सव्वा ते दीड फुटांवर. आस वीतभराहून जास्त खाली आला, आणि बैल मात्र होता तेवढाच उंच. म्हणजे जुवाकडे जाणारी दांडी आता जास्त चढती झाली. ओढ तिरकी झाली की तिचा काही भाग गाडी पुढे नेण्यात जातो आणि काही भाग बैलाची मान खाली दाबण्यात. आज मी फळ्यावर बाण काढून हे दाखवू शकतो. वडिलांनी ते गोठ्यातल्या काठीवरून ओळखलं.

लोकांनी त्यावर तोड काढली. आस आणि सांगाडा यांच्यामध्ये लाकडी ठोकळे घालून गाडी उंच केली. भाच्यानं गाडी खाली आणली, यांनी वर नेली. मूळ चूक मात्र एकच, चाकाचा विचार सांगाड्यापासून तोडून केला. ठोकळ्यांनी दांडी सरळ झाली, पण भार आसापासून उंच गेला. चढावर भार मागे कलून गाडी उलाळायला लागली, म्हणजे जू बैलाच्या गळ्याकडून वर ओढलं जायला लागलं. उतारावर तोच भार पुढे येऊन मानेवर बसला. लाकडी चाकाला घर्षण तरी असे, ते थोडंफार थोपवून धरे. बेअरिंगचं चाक उतारावर सुसाट सुटतं. ब्रेक कुठला? ब्रेक म्हणजे बैलाची मान. कयाधूच्या उतारावर शेजारच्या काकांची कापसानं भरलेली नवी डनलॉप अशीच सुटली. बैल वाचले, गाडीवानही वाचला. पण डाव्या बैलाचा खांदा सुजला तो त्या साली पेरणीपर्यंत उतरला नाही. खांदेसूज हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. वडील त्या बैलाच्या मानेवरून हात फिरवत उभे होते आणि काका त्यांना सारखं सांगत होते, "मिस्तरी, चाकात काही खोट नाही हो." चाकात खोट नव्हतीच.

याहून मोठी गोष्ट मला पुढे कळली. चाक हलकं झालं, मग बैलाचे कष्ट कमी व्हायला हवे होते. ओढायच्या जनावरांबद्दल केंद्र सरकारचे १९६५ सालचे नियम आहेत, १९६०च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालचे. त्यांत बैलावर किती ओझं घालावं याचा तक्ता आहे. आपला लाल कंधारी बैल मध्यम चणीचा, म्हणून मध्यम बैलाचे आकडे सांगतो. दोनचाकी गाडीला रबरी चाक नसेल तर ७०० किलो. रबरी चाक असेल तर १०५० किलो. बॉलबेअरिंग असेल तर १४०० किलो. चाक सुधारलं की ओझं दीडपट, आणखी सुधारलं की दुप्पट! ओढीच्या हिशेबानं हे चूक नाही. पण याचा अर्थ असा की चाकाच्या शोधातून जे वाचलं, ते सगळं मालाच्या मालकाला मिळालं आणि बैल होता तिथंच राहिला. किंबहुना जास्तच खाली गेला, कारण ओढ मोजायचा तक्ता झाला, उतारावर मानेवर येणारा दाब त्यात कुठं आहे? याच नियमांत नऊ तासांपेक्षा जास्त काम नको, ३७ अंशांच्या वर तापमान जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन जुंपू नये असंही लिहिलंय. आमच्या हिंगोलीच्या एप्रिल-मे महिन्यांत हे किती जणांना आठवत असेल, ते मी सांगायला नको.

साखर कारखान्यांच्या हंगामात हे चित्र सगळ्यांत ढळढळीत दिसतं. आपल्या जिल्ह्यातली, परभणी-बीडकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. त्यांच्या कामाची नावंसुद्धा चाकावरून पडली आहेत: टायर सेंटर, गाडी सेंटर, आणि ज्यांच्याकडे चाकच नाही ते डोकी सेंटर. टायरगाडीवर उसाच्या मोळ्या माणसाच्या दीडपट उंच रचतात, दोन-अडीच टनांची खेप होते. भार उंच, आस खाली, सडक उताराची. तिथं मला वडिलांची काठी आठवते.

हा विचार फक्त खेड्यातल्या सुताराचाच होता असं नाही. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक एन. एस. रामस्वामी यांनी १९७०च्या दशकात बैलगाडीचा कसून अभ्यास केला. देशात तेव्हा दीड कोटीच्या आसपास गाड्या असल्याचा त्यांचा अंदाज होता. अणुयुगात बैलगाडीचा अभ्यास कसला करता, म्हणून त्यांची थट्टाही झाली असेल. पण त्यांचा आग्रह हाच होता की चाक, आस, जू आणि ब्रेक यांचा विचार एकत्र करा, बैलाचे हाल थांबवा. अभ्यास झाला, नमुन्याच्या गाड्याही झाल्या. तेवढ्यात ट्रॅक्टर आला.

खेळाच्या गाडीबद्दल बोलल्याशिवाय मात्र भाच्याच्या प्रश्नाला न्याय मिळणार नाही. कारण स्पोर्ट्स कार आपल्याकडे आधीपासून होती. तिचं नाव छकडा, आणि तिची शर्यत म्हणजे शंकरपट. विदर्भात आणि आपल्या भागात पट गाजायचे. सर्वोच्च न्यायालयानं ७ मे २०१४ रोजी शर्यतींवर बंदी घातली, राज्यानं २०१७ साली कायदा दुरुस्त केला, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठानं तो कायदा कायम ठेवला. बैलाला त्रास होतो की नाही यावर मी इथं वाद घालत नाही. माझं मत पटवाल्यांना आवडणार नाही एवढं सांगतो.

वडिलांनी एकदा पटासाठी छकडा केला होता. तेव्हाही आधी बैल पाहिले, मग धावपट्टी पाहायला गेले. चाक शेताच्या गाडीपेक्षा बरंच लहान केलं आणि पुठ्ठे इतके तासले की माझ्या आईला ती खेळण्यातली गाडी वाटली. मी विचारलं, मोठं चाक चांगलं असं तुम्हीच म्हणता ना? म्हणाले, "ती ओझ्याची गाडी. हिला कडेचं वजन नको. कडेचं वजन बैलाला आधी फिरवावं लागतं, मग गाडी हलते." चाकाच्या कडेला असलेलं वजन वेग घेताना सगळ्यांत महाग पडतं, हे तत्त्व आज मोटारीच्या शर्यतीतला प्रत्येक मेकॅनिक मानतो.

तर मी भाच्याला सांगितलं, "आधी बैल दाखव." तो हसला. मी म्हटलं, म्हणजे तुझा रस्ता दाखव, तुझ्या चाकावरची कमान दाखव. गाडी जॅकवर न घेता जमिनीवरच उभी ठेवून आम्ही चाक आणि कमान यांच्यातली जागा मोजली. पुढच्या चाकावर दोन बोटंही जात नव्हती. मग आकडे मांडले. त्याच्या मनात २०५/५५ आर १६ होतं. त्याचा व्यास ६३२ मिलिमीटर भरतो. चाक दहा मिलिमीटर मोठं आणि वीस मिलिमीटर रुंद. खाली बसवलेल्या गाडीत पूर्ण वळण घेताना किंवा खड्ड्यात ते कमानीला घासणार. दुसरी आवड २०५/४५ आर १७. व्यास ६१६, म्हणजे मूळच्या जवळ. दिसायला सगळ्यांत देखणं. पण रबराची भिंत १२० वरून ९२ मिलिमीटरवर येते. चांगल्या महामार्गावर ठीक. आमच्या गावच्या रस्त्यावर त्या पातळ भिंतीतून खड्डा थेट रिमला लागणार, रिम वाकणार आणि धक्का माणसाच्या मणक्याला. शिवाय मोठी रिम आणि कडेचं वजन, तो छकड्याचा धडा आहेच.

मी सुचवलं १९५/५५ आर १६. व्यास जवळपास ६२१, मूळचाच. काटा खोटं बोलणार नाही. भिंत १०७ मिलिमीटर. रुंदी फक्त दहा मिलिमीटर जास्त. टायरवर भार पेलण्याचा जो आकडा असतो तो मूळ टायरपेक्षा कमी नको आणि रिमची बैठक अशी हवी की चाक कमानीच्या बाहेर येता कामा नये. नाहीतर चाकोरी रुंद होऊन बेअरिंगवर ताण येतो. गाडी बनवणाऱ्यानं ठरवलेल्या तपशिलात फेरफार करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमानं बंधनं घातली आहेत, तेही पाहून घे म्हटलं. आणि एक गोष्ट कडू होती ती सांगितली: पोट घासतं ते चाकामुळे नाही. व्यास तोच ठेवलास तर गतिरोधकावर आवाज येणारच. स्प्रिंगा खाली आणल्यास, त्याची भरपाई चाकातून होत नाही. ठोकळ्यांची गोष्ट त्याला तेव्हाच सांगितली.

तो जरा हिरमुसला. मग उठून आमच्या जुन्या पडवीत गेला. तिथं वडिलांच्या हातचं एक चाक भिंतीला टेकवून ठेवलंय, धाव गंजलेली, दोन आरे गळालेले. त्यानं खिशातला टेप काढून त्याचा व्यास मोजला आणि ओरडून सांगितला, "मामा, एक हजार तीनशे सत्तर!" साडेचार फूट म्हणजे १३७२ मिलिमीटर. धावेची झीज धरली तर बरोबर होतं.

पुढे संक्रांतीला आला तेव्हा गाडी इंचभर वर आली होती आणि चाकं सोळाची, १९५/५५. वेशीजवळचा गतिरोधक आवाज न करता ओलांडला. नाल्यावरच्या पुलाच्या टोकाला मात्र अजून एकदा घासते. तिथं आम्ही दोघं खाली उतरतो आणि तो एकटाच गाडी तिरकी करून काढतो, लाकडी चाकाच्या गाड्या काढायचे तशी.